डब्यात उरलेली पट्टी

आक्काचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर लावलेला असायचा, पण तो वाजायच्या आत उठून ती बंद करायची. नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून. नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. जन्मभर आगारातून पहिली बस त्याने काढली, आता झोपू दे बिचाऱ्याला, असं तिचं म्हणणं. त्याचं म्हणणं वेगळं. "तू उठलीस की मला कळतंच. मी फक्त डोळे उघडत नाही. उघडले की चहा मला करावा लागेल."

सहाच्या पाळीला ती कारखान्याच्या फाटकात हजर असे. कारखाना काचेचा. मोठ्या काचा मापात कापायच्या, कडा घासायच्या आणि मग भट्टीत घालून टफन, म्हणजे टणक, करायच्या, हे तिथलं काम. आक्का कडांवर होती. फिरता खरखरीत पट्टा, त्यावर पाण्याची धार, आणि काच दोन्ही हातांनी धरायची, न दाबता, न सोडता. रबरी एप्रन घातला तरी बाह्या कोपरापर्यंत ओल्या. थंडीत बोटांची लाकडं व्हायची. एक काच झाली की पुसायची आणि अंगठ्याचं नख चारी कडांवरून फिरवायचं. नख अडलं, की काच परत पट्ट्यावर. नव्या मुली नुसतं डोळ्यांनी बघून काच पुढे ढकलत. आक्का म्हणायची, "डोळ्यांचं काय, ते कशालाही हो म्हणतात. नखाला विचार."

या चिकटपणाला कारण होतं. टफन झालेल्या काचेला पुन्हा कापता येत नाही, घासता येत नाही. मऊ पडायच्या बेताला येईपर्यंत ती तापवतात आणि दोन्ही अंगांनी एकदम गार हवा मारतात. बाहेरचा थर आधी आवळून बसतो. आतला मागाहून आवळायला जातो, पण बाहेरचा त्याला सोडत नाही. ही आतल्या आत चाललेली ओढाताण हीच तिची ताकद. साधी काच फुटेल असा मार ती हसत खाते. पण कडेला टवका असला आणि तो आतपर्यंत पोचला, तर तीच ताकद तिच्यावर उलटते. मग नुसती चीर जात नाही. अख्खी काच एका क्षणात खडे होऊन खाली येते.

तिथल्या निम्म्याहून जास्त काचा ओव्हनच्या दारांना जायच्या. आक्काने अशा काचा घासण्यात हयात घालवली. घरात ओव्हन आला तो मात्र सुनेचा, सुनेच्या कमाईचा.

मुलगा परगावी कामाला, आठवड्याने घरी यायचा. सून घरी बन आणि केक भाजून आळीत विकायची. पीठ मळताना तिच्या मनगटाचा जोर बघून आक्काने तिला पहिल्याच महिन्यात मनातल्या मनात पास केलं होतं. तोंडाने अर्थात सांगितलं नव्हतं. आता जवळच्या इस्पितळाच्या कँटीनवाल्याने सोमवारपासून रोज बन मागवले होते. घरात दोन दिवस तोच विषय होता.

आक्काच्या नोकरीचा तो शेवटचा महिना. गुरुवारी दुपारी ती पाळीवरून आली तर दार सताड उघडं. सून स्वयंपाकघरात झाडू घेऊन उभी. फरशीभर खडीसाखर सांडावी तसे काचेचे खडे. नात आजोबांच्या कडेवर, डोळे मोठे करून बघत होती.

"ओव्हनचं दार आपटलं हिने," नवऱ्याने सुनेकडे बोट करून निकाल दिला. "बसचं दारसुद्धा कधी आपटू नये. मी कंडक्टरला कायम सांगायचो."

"मी हातसुद्धा लावला नव्हता, बाबा!" सुनेचा आवाज फुटला. "बन काढले, ओव्हन बंद केला, पोरीला निजवायला गेले. ओव्हन गारही होत आला होता. आणि एकदम बार उडावा तसा आवाज!"

"काच काय आपोआप फुटते?"

सून आक्काकडे वळली. "आई, सोमवारी मी हा ओव्हन लावणार नाही. कँटीनवाल्याला नाही म्हणून कळवते. कशाने फुटली तेच कळलं नाही, तर उद्या परत फुटेल. आज पोरगी आत होती. उद्या दारासमोर बसलेली असली तर?"

आक्काने पिशवी टेबलावर ठेवली. सुनेचं चुकत नव्हतं. कारण सापडलं नाही, तर ओव्हन विकलेला बरा. आणि ओव्हन गेला, की त्या मनगटांचं चीज व्हायचं नाही.

"झाडू ठेव खाली," ती म्हणाली. "अजून दाराला हात लावला नाहीस ना?"

"नाही."

"शाबास. चहा टाक. अहो, तुम्ही बॅटरी आणा."

आक्का गुडघ्यावर बसली. दाराला दोन काचा होत्या. बाहेरची शाबूत होती, फुटली होती ती आतली. खालच्या खाचेत तिचे बोटभर उंचीचे तुकडे अजून एकमेकांना धरून उभे होते. आक्काने बॅटरी जवळ नेली. सगळ्या चिरा एका जागेवरून निघून पंख्यासारख्या पसरल्या होत्या. ती जागा डाव्या कोपऱ्यातली होती, जिथे काच लोखंडी पकडीत बसते. तिने उजवी पकड पाहिली. तिथे काच आणि लोखंड यांच्या मध्ये तपकिरी रंगाची एक जाडसर पट्टी होती. डाव्या पकडीत काहीच नव्हतं. नुसतं लोखंड.

ती मागे टेकून बसली.

"हे दार कोणी उघडलं होतं?"

"बन काढायला रोजच उघडते," सून म्हणाली.

"तसं नाही. खोलून कोणी वेगळं केलं होतं?"

नवऱ्याने नातीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मीच," नवरा म्हणाला. "गेल्या महिन्यात. दोन काचांच्या मध्ये डाग गेले होते. तीच म्हणाली बाबा, पुसता येईल का. चकाचक केलं होतं मी!"

"आणि उरलं काय?"

"काही नाही उरलं."

"अहो."

"काय अहो? स्क्रू सगळे लागले."

"डबा आणा."

डबा घरात सगळ्यांना ठाऊक होता. ड्रायव्हरसाहेब जे खोलत, ते जोडल्यावर काहीतरी उरायचंच, आणि उरलेलं सगळं त्या पत्र्याच्या डब्यात जायचं. भिंतीवरच्या घड्याळाचं एक चाक त्यात होतं. घड्याळ तरीही चालायचं, हा त्यांचा कायमचा मुद्दा. ते रोज मागे पडायचं, हा बाकीच्यांचा.

आक्काने डबा वर्तमानपत्रावर उपडा केला. बोट फिरवलं आणि तपकिरी पट्टी उचलून नवऱ्यासमोर धरली.

"मला वाटलं, कंपनीवाले एक जास्तीची देतात," तो पुटपुटला.

"कंपनीवाले पगार जास्तीचा देत नाहीत, तुम्हाला पट्टी देतील?"

सुनेला हसू आलं. मग तिला आठवलं की मघाशी दार आपटल्याचा ठपका कोणावर ठेवला होता, आणि हसू गेलं.

"म्हणजे बाबा, महिनाभर..."

"थांब, आधी समजून घे," आक्का म्हणाली. "काच लोखंडावर टेकली होती. तू दार उघडायचीस, लावायचीस, अलगदच. तरी दर वेळी लोखंड कडेला चावत होतं. कणभर, कणभर. आज तापलेलं दार गार होत आलं. लोखंड वेगळं आवळतं, काच वेगळी आवळते. तो शेवटचा चिमटा. काचेला तडाखा मिळतो एका दिवशी, आणि फुटते ती भलत्याच दिवशी. तेव्हा आपोआप काही झालं नाही, हे खरं. आणि तू हात लावला नव्हतास, हेही तितकंच खरं."

सून खाली बसली आणि तिने ती रिकामी डावी पकड बघितली. मग म्हणाली, "पट्टी असती तर फुटली नसती?"

"पट्टी असती आणि तारेच्या घासणीने न खरवडता वापरली असतीस, तर ही काच तुझ्या पोरीच्या लग्नापर्यंत टिकली असती."

नवऱ्याने नातीला सुनेकडे दिलं. झाडू उचलला. ओट्याखालून, कपाटामागून, उंबऱ्याच्या फटीतून खडे काढले आणि मग ओल्या कपड्याने सगळी फरशी दोनदा पुसली. सगळं झाल्यावर सुनेला म्हणाला, "दार तू आपटलं नव्हतंस." त्याच्या तोंडून याहून जास्त माफी कोणी कधी ऐकली नव्हती.

आक्काने शिवणाच्या टेपने दाराचं माप घेतलं आणि शुक्रवारी मुकादमापुढे ठेवलं.

"एवढंच ना? बाजूला काढलेल्या ढिगात याच मापाची आहे एक," मुकादम म्हणाला. "कोपऱ्याला जरासा टवका आहे, चौकटीत दिसणारही नाही. घेऊन जा आक्का, फुकट."

"ती बाजूला कोणी काढली?"

"तूच."

"मग?"

मुकादमाने मान खाली घालून नवी काच कापायला सांगितली. पाळी संपल्यावर आक्का पुन्हा एप्रन बांधून उभी राहिली आणि स्वतःच्या काचेच्या कडा घासल्या. इतरांच्या घासायची तशाच. जास्त नाही, कमी नाही. कमी काम केलेल्या काचेची तिला लाज होती, आणि जास्त केलं म्हणजे आजवर कमी करत होती असं झालं असतं. शनिवारी काच भट्टीतून बाहेर आली.

घरी बसवण्याआधी तिने ती घोंगडीवर ठेवली आणि सुनेला म्हणाली, "फिरव नख."

"मी?"

"ओव्हन कोणाचा?"

सुनेने चारी कडांवरून सावकाश नख फिरवलं. कुठे अडलं नाही. मग तिने डाव्या पकडीत पट्टी स्वतःच्या हाताने बसवली. उजवीकडची दाबून पाहिली. नवऱ्याकडे फक्त बॅटरी दिली होती. स्क्रूड्रायव्हर आक्काने स्वतःच्या कमरेला खोचला होता.

सोमवारी साडेचारला आक्का गजर बंद करायला उठली, तर स्वयंपाकघरात दिवा होता. ओव्हन तापलेला. सून दारासमोर बसून काचेतून आत फुगणारे बन बघत होती. नात तिच्या मांडीवर झोपली होती.

महिनाअखेर शेवटच्या पगारातून त्या काचेचे पैसे कापून घेतले गेले. जन्मभर ओव्हनच्या काचा घासून आक्काने विकत घेतलेली ती पहिलीच. उरलेल्या पगारातून घरी जाता जाता तिने दुकानातून तशीच एक तपकिरी पट्टी घेतली, आणि नवऱ्याच्या डब्यात टाकली.

"ही घ्या," ती म्हणाली. "ही खरोखर जास्तीची आहे."