मल्लय्यांचा फ्रिज गार का होईना

मल्लय्यांनी खिशातून काचेची नळी काढली आणि आमच्या काउंटरवर उभी धरली. नळीत विटेच्या रंगाचं गढूळ पाणी होतं.

"हे काय आणलंत?" आमचे शेठ मागं सरकले. शेठ म्हणजे सोलापुरातल्या त्या फ्रिजच्या दुकानाचे मालक. मी त्यांच्याकडे मिस्त्री होतो.

"पोरीची लघवी हाय ओ शेठ. डागतरच्या औषधात उकळलीय. निळी ऱ्हायली तर बरं. हिरवी झाली की थोडी साखर. अशी विटेसारखी झाली म्हंजे लई वाईट. तीन दिवस झालं, अशीच येतीय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आनि तुमचा फ्रिज परत गरम हाय, मिस्त्री."

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मे महिना होता, आणि सोलापूरचा मे ज्यानं भोगलाय त्याला मी काही सांगायला नको. तिसऱ्यांदा त्याच फ्रिजची तक्रार आली होती. मला रागच आला. खरं सांगायचं तर मल्लय्यांचा नाही, त्या फ्रिजचा.

मल्लय्या पूर्व भागातले विणकर. पुढच्या खोलीत चार माग, मागच्या खोलीत संसार. घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी मराठी. त्यांची एकुलती एक मुलगी पद्मा, अकरा वर्षांची, तिला दोन वर्षांपासून मधुमेह. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन. त्या काळी आमच्याकडे ते सहज मिळत नसे. पुण्याहून दोन महिन्यांच्या बाटल्या एकदम आणाव्या लागायच्या, आणि त्या गार ठेवायच्या. उष्णतेनं त्यातली ताकद जाते, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. त्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे फ्रिज नव्हता. मल्लय्यांनी घेतला तो थंड पाण्यासाठी नाही, त्या चार बोटभर बाटल्यांसाठी.

पहिली तक्रार मार्चमधली. मी फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागं बघतो तर काय! जाळीवर कापसाचा थरच्या थर. मागाच्या घरात कापसाचं तूस सगळीकडे उडतं, आमटीतसुद्धा पडतं. आता ही जाळी काय करते ते सांगतो. फ्रिज गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलतो आणि मागच्या काळ्या जाळीतून बाहेर फेकतो. हे हमालीचं काम करतो कॉम्प्रेसर, म्हणजे खालचा काळा डबा. जाळी बुजली की उष्णता जाणार कुठं? कॉम्प्रेसर तापतो, आणि फार तापला की ओव्हरलोड नावाचं छोटंसं बटण आपोआप त्याची वीज तोडतं. डबा निवला की परत जोडतं.

हे सगळं मी आज तुम्हाला सांगतोय. त्या दिवशी मल्लय्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, यातलं अक्षरही सांगितलं नाही. मला अजून तीन घरं करायची होती. ब्रशनं जाळी साफ केली आणि तोंड सोडलं, "बाई, इथं परत कापूस दिसला तर मी पाय ठेवणार नाही. काय करायचं ते करा, पण मागं एक धागासुद्धा जाता कामा नये."

"व्हय, व्हय मिस्त्री," त्या म्हणाल्या. मी पिशवी उचलली आणि निघालो.

दुसरी तक्रार एप्रिलात. मागं बघितलं, जाळी लख्ख. मनात म्हटलं, शाब्बास, बोलण्याचा उपयोग झाला. मग दोष कुठं? मीटर लावला. आजूबाजूचे यंत्रमाग सुरू झाले की त्या गल्लीतलं व्होल्टेज एकशे सत्तरवर यायचं. एवढ्या कमी दाबावर कॉम्प्रेसर नुसता कण्हतो. सापडला चोर! स्टॅबिलायझर बसवला आणि खुशीत घरी गेलो.

आणि आता ही नळी.

"उद्या चारला येतो," मी म्हणालो.

माझी एक खोड होती. चार म्हणजे चार. पाच मिनिटं इकडं नाही, तिकडं नाही. दुकानात माझी तशी ख्यातीच होती आणि मला तिचा गर्व होता. गिऱ्हाइकांनाही ते माहीत. मल्लय्यांच्या घरी तर मी जायच्या आधी फ्रिज पुढं ओढून, पुसून, दाराला हळदीकुंकू लावून तयार असायचा. शेजारी माझ्यासाठी पाट.

चारला गेलो. फ्रिज मजेत चालू! आत हात घातला, गार व्हायला लागलेला. दवाखान्याच्या दारात गेल्यावर ताप उतरावा तसा प्रकार.

"सकाळी गरम होता की ओ," लक्ष्मीबाई रडकुंडीला आल्या. "देवाशप्पथ. बाटली हातात धरली तर कोमट."

मागच्या बाजेवर पद्मा पडली होती. मोठी बोलकी पोर. मागच्या वेळी मला स्क्रू-ड्रायव्हरची नावं विचारत होती. आज नुसती बघत होती. उठून माठातून पाणी प्यायली, परत पडली. दहा मिनिटांत परत पाणी.

मी रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करणारा खटका, बदलला. ओव्हरलोड बदलला. सांध्यांना साबणाचा फेस लावून गॅस गळतोय का बघितलं. कुठंही बुडबुडा नाही. तासाभरात वरच्या कप्प्यात बर्फ धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लय्या परत दुकानात. गरम.

मग फ्रिज हातगाडीवर घालून वर्कशॉपला आणला. बाटल्या त्यांनी माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवल्या. वर्कशॉपमध्ये फ्रिज दोन दिवस सलग चालवला. असला सुंदर चालला की शेठनी त्यात स्वतःचं ताक ठेवलं.

"मशीन चांगलं आहे," शेठ म्हणाले. "दार उघडं टाकत असतील. कार्डावर लिहून टाक."

आमच्याकडे प्रत्येक तक्रारीचं कार्ड असायचं, ते कंपनीला जायचं. त्यात शेवटचा रकाना होता, दोषाचं कारण. तिथं 'गिऱ्हाइकाचा निष्काळजीपणा' लिहिलं की कंपनी मोकळी, दुकान मोकळं, मिस्त्रीही मोकळा.

"बघून लिहितो," मी म्हणालो. पण मला शेठचं पटलं होतं, हे कबूल करतो. गुरुवारी फ्रिज परत पोचवला.

शनिवारी संध्याकाळी निरोप आला, पद्माला दवाखान्यात ठेवलंय.

मी सायकल काढली. पोर कॉटवर होती, सलाईन लावलेलं. पळत आल्यासारखा तिचा श्वास चालला होता, आणि तोंडाला पिकून गेलेल्या फळासारखा वास. मल्लय्या पायाशी उभे. मला बघून त्यांनी बसायला स्टूल पुढं सरकवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई मोठ्या कडक. "फ्रिजवाले तुम्हीच का? हे इन्सुलिन गेल्यात जमा आहे. रोज नेमानं टोचत होते बिचारे, आणि त्यात दम नव्हता. घरातल्या सगळ्या बाटल्या फेकायला सांगितल्यात मी."

"मुलगी?"

"आज रात्र जाऊ दे, मग सांगते. सोमवारी यांचे कुणी पुण्याहून नव्या बाटल्या आणतायत. त्या ठेवायला गार जागा आहे की नाही, ते तुम्ही मला सांगायचं. नसेल तर मी पोरीला घरी सोडणार नाही. किती दिवस ठेवू मी इथं?"

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. व्होल्टेज झालं, गॅस झाला, रिले झाला. उरलं काय? दारच. मनात पक्कं बसलं की ही माणसं दार उघडं टाकतात आणि माझ्यासमोर साळसूदपणे लपवतात. स्वतःच्या पोरीच्या जिवाशी खेळतात म्हणजे काय! उद्या न सांगता जायचं आणि रंगेहाथ पकडायचं.

रविवारी दुपारी आधी दवाखाना गाठला. पद्माचा श्वास जरा संथ झाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आहे, टिकून आहे." लक्ष्मीबाई पेज करायला घरी गेल्या होत्या. मी ऊन डोक्यावर घेत तडक पूर्व भागात गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरी वेळ न देता गेलो.

दार लोटलं. माग बंद होते. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि जागीच थांबलो.

फ्रिजला चादर नेसवली होती.

साधीसुधी नाही. जाडजूड, दुहेरी विणीची, खास मापानं विणलेली. दोन्ही बाजूंना मोर, वर मोठ्या अक्षरांत 'पद्मा'. दार तेवढं मोकळं. बाकी वरून, बाजूंनी आणि मागून थेट जमिनीपर्यंत गच्च झाकलेला, खाली नाडी ओवून आवळलेला.

लक्ष्मीबाई चुलीपाशी होत्या. मला बघून त्या एकदम गडबडल्या. "अय्यो, मिस्त्री! सांगितला न्हाई येतो म्हणून! थांबा, थांबा, काढते." आणि धावत येऊन नाडी सोडायला लागल्या. ते इतकं सरावाचं होतं की बघता बघता अर्धी चादर खांद्यावर आलीसुद्धा.

"राहू द्या," मी म्हणालो. "ही कधीपासून आहे?"

"मार्चपासून की."

"मी आलो तेव्हा नव्हती."

"तुमी येनार म्हटल्यावर काढून ठेवत होते. तुमाला काम कराया नको का? आनि तुमचे हात तेलाचे. यांनी आठ दिवस बसून विणलीय ओ." मग चादरीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "तुमीच सांगितला होता ना, मागं धागा जाता कामा नये. बघा आता, एक धागा जात न्हाई."

मी चादरीखाली हात घातला आणि चटका बसून मागं घेतला. भट्टी झाली होती नुसती. कापसाचं तूस अडवायला विणकरानं कापसाची भिंत उभी केली होती, आणि आतला डबा त्या भिंतीत दिवसभर उकडून निघत होता. तापायचा, बंद पडायचा, तासन् तास निवायचा नाही. मी येणार म्हणून चादर निघाली की तासाभरात शहाण्यासारखा चालायला लागायचा. वर्कशॉपमध्ये तर त्याला चादर नव्हतीच.

मी पाटावर बसलो. मग त्यांना सगळं सांगितलं, जाळी काय करते, उष्णता कुठून बाहेर पडते. मार्चमध्ये सांगायला दोन मिनिटं लागली असती. आताही तेवढीच लागली.

त्या ऐकत होत्या. हातातली चादर हळूहळू खाली आली.

"म्हंजे आमीच पोरीला..."

"तुम्ही नाही," मी म्हणालो. "मी. तुम्ही सांगितलेलं केलंत."

बाईमाणसासमोर डोळ्यांत पाणी येणं बरं दिसत नाही, म्हणून मी फ्रिजमागं जाऊन उगीच पाना फिरवत बसलो. काखेत कळसा म्हणतात, इथं तर तो कळसा माझ्याच तोंडून निघाला होता.

चादर काढली. आत थर्मामीटर ठेवला. संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिलो, दार कुणालाही उघडू दिलं नाही. सोमवारी पहाटे परत गेलो. सहा डिग्री. मी तसाच सायकलवरून दवाखान्यात गेलो.

"जागा आहे," डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

"नक्की?"

"नक्की. काय झालं होतं तेही सांगतो." सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीही पेशंटला नुसतं 'गार ठेवा' म्हणते."

कापसासाठी मी तारेच्या जाळीची चौकट केली, फ्रिजपासून हातभर लांब भिंतीला ठोकली, आणि दर रविवारी ब्रश कसा मारायचा ते लक्ष्मीबाईंकडून माझ्यासमोर करून घेतलं.

दुकानात शेठनी कार्ड पुढं सरकवलं. "सापडलं ना? चादर गिऱ्हाइकानं घातली. लिही निष्काळजीपणा."

मी पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं: 'मिस्त्रीने सूचना दिली, कारण सांगितले नाही.'

शेठनी ते दोनदा वाचलं. "वेडा आहेस का? हे कंपनीला पाठवू?"

"पाठवा."

पाठवलं. महिन्यानं कंपनीचं उत्तर आलं, सदर पार्टचा नंबर कळवावा.

त्याच्या आधी एके सकाळी मल्लय्या आले होते. सोबत पद्मा. तोंडावर तरतरी परत आलेली. मल्लय्यांनी खिशात हात घातल्याबरोबर शेठ ओरडले, "काउंटरवर नको, काउंटरवर नको!" पण तोवर पद्मानंच नळी वडिलांच्या हातातून घेऊन माझ्यासमोर धरली होती. निळी. मोरासारखी निळीशार.

"आता चादर कुणाला घातलीत?" मी विचारलं.

"मीच पांघरते की," ती म्हणाली. "उकडतंय लई, पर मीच पांघरते."

त्यानंतर सव्वीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले. मिस्त्रीचं अर्धं वाक्य गिऱ्हाईक पूर्ण पाळतं, एवढं त्यातून शिकलो. म्हणून कारण सांगितल्याशिवाय सूचना दिली नाही, आणि प्रत्येक घरी एकदा तरी वेळ न देता गेलो. शेठ म्हणायचे, मिस्त्री आता वेळ पाळत नाही.