मास्ट्रिख्टचा रिकामा ठेका

हॉलंडमधल्या आमच्या नीउ-व्हेनेपहून गाडी सुटली तोच नितीनने पुन्हा विचारलं, "मध घेतलास ना?"

"घेतला रे बाबा! आलंही किसून घेतलंय. गायक तू, मी नुसती हमाल."

लॉकडाउनमध्ये लॅपटॉपपुढे कोंडलेला माझा नवरा संध्याकाळी ऑनलाइन गायला लागला आणि ते मास्ट्रिख्टच्या रॉयने ऐकलं. रॉय मूळचा सुरिनामचा. तळघरातल्या स्टुडिओत त्याने रेगे संगीताचा एक रिडिम (ड्रम आणि बेसचा ठेका) बांधला होता. त्याच ठेक्यावर वेगवेगळे गायक आपापलं गाणं म्हणणार आणि सगळ्यांचा मिळून अल्बम निघणार. "भजनी मंडळ एकाच चालीवर कितीतरी अभंग म्हणतं ना, तसंच," नितीनने मला समजावलं होतं. त्याने मराठी गाणं रचलं आणि मग मेल्या कोरोनाने गाठलं. ताप गेला, पण छातीतला दम परत आला नाही. बाकीच्यांची गाणी कधीच झाली होती. अल्बम ह्याच्या एका गाण्यासाठी अडला होता आणि आजच्यापुढे थांबणं रॉयला शक्य नव्हतं.

रुरमोंड सोडल्यावर सपाट हॉलंडला चक्क उंचवटे फुटले. मी डबा उघडला, तर थालीपीठ नको म्हणाला. घसा कोरडा पडेल म्हणे!

रॉयने दारातच कोपराला कोपर लावून स्वागत केलं आणि व्लाय (फळांचं सारण भरलेला इकडचा केकसारखा गोड प्रकार) पुढे केला. जर्दाळूचा होता, झकास. नितीन त्याला शिवलाही नाही.

ठेका सुरू झाला. पहिली ओळ अशी लागली की माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या ओळीच्या मध्येच श्वास तुटला. पुन्हा. पुन्हा तिथेच. मग त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"तुकड्यांत घेऊ, मी जोडतो," रॉय म्हणाला.

"नको. ते माझं गाणं होणार नाही."

इतका राग आला मला! त्याचा नाही, त्या रोगाचा.

निघताना रॉयने सगळा अल्बम फोनवर पाठवला. "शेवटी नुसता रिडिम आहे," तो म्हणाला. "आमच्यात तशी पद्धतच आहे. ज्याला गावंसं वाटेल, त्याने त्यावर गावं."

परतताना घाईत आम्ही नेमके शांततेच्या डब्यात चढलो. इथे बोलायचीही बंदी. नितीनने एक इअरफोन माझ्या कानात घातला. एकामागून एक परके आवाज आले, सगळे त्याच ठेक्यावर. छान गायले होते सगळे, पण कुणाचंच कौतुक करावंसं वाटेना. एवढा हौसेने केलेला प्रवास, आणि ज्यासाठी गेलो तेच तिथे राहून गेलं.

शेवटी रिकामा ठेका लागला. नितीन खिडकीबाहेर बघत होता. मास्क किंचित हलत होता. गात होता की नुसती धाप होती, कळेना.