बोअरचं पाणी आणि न शिजलेली डाळ

पीएचडीची वर्षं मी एका जिवाणूच्या कातडीमागं घालवली. कातडी म्हणजे त्याचं बाहेरचं पटल. त्यातले रेणू ऋण भाराचे, म्हणून एकमेकांना दूर लोटणारे. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावाच. त्यांच्या मधे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे धन आयन सासूसारखे ठाण मांडून बसतात, म्हणून घर टिकतं. एका द्रावणानं मी हे आयन ओढून काढायचे, मग औषध आत शिरायचं, जिवाणू फुटायचे आणि गढूळ नळी नितळ व्हायची. हे झालं पुस्तकात. माझी नळी काही केल्या गढूळच.

उन्हाळा होता, नळाला पाणी कधी येईल ते देवालाच ठाऊक. मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, बेसिनवर कागद चिकटवला होता: डिस्टिल्ड वॉटर जपून वापरा. म्हणून आम्ही द्रावणांच्या बाटल्या बोअरच्या पाण्यानं धुवायचो आणि तशाच वाळवायचो. दुष्काळात वाढलेली माणसं आम्ही, पाणी वाचवलं की पुण्य केल्यासारखं वाटायचं. त्यात मॅडमनी सांगून टाकलं, या महिन्यात जमलं नाही तर विषय बदलायचा. त्या विषयावर माझा लई जीव होता.

त्या रविवारी क्रांती चौकाजवळच्या खोलीवर मी तुरीची डाळ लावली. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, डाळ जशीच्या तशी. माझी पैठणची रूममेट नमाज आटोपून आली, कुकरमध्ये डोकावली आणि कपाळाला हात लावला.

"बोअरच्या पाण्यात डाळ शिजती व्हय गं?"

हे तर मला लहानपणापासून माहीत. आमच्या सोयगावकडं डाळीचं पाणी वेगळं भरून ठेवतात. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीला घट्ट धरून ठेवतं, शिजू देत नाही. चमचा हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. अन् माझ्या बाटल्यांत काय वाळत होतं?

सोमवारी बाटल्या उजेडात धरल्या. आतून पांढुरका थर. मी काढत होते ते कॅल्शियम बाटलीच परत देत होती! मॅडमना न विचारता सगळ्या बाटल्या आधी ॲसिडनं, मग डिस्टिल्ड पाण्यानं खळाखळा धुतल्या. डिस्टिल्डचा अख्खा कॅन रिकामा झाला. त्यात नवं द्रावण करून प्रयोग परत लावला, दुपारी नळी नितळ झाली.

मॅडमनी ती उजेडात धरून बघितली, मग रिकाम्या कॅनकडं बघितलं. मी बोलणी खायच्या तयारीत. त्या बेसिनपाशी गेल्या आणि स्वतःचा कागद नखानं सोलून काढला.

"विषय तुझाच," त्या म्हणाल्या. "धू आता पोटभर."