गावातली पहिली सुई

हँडबॉलमध्ये गोलकीपर होणं म्हणजे जवळून अंगावर फेकलेला चेंडू डोळे न मिटता घेणं. प्रियदर्शनी तायडेला ते शाळेपासूनच जमायचं. दंडांवर, मांड्यांवर निळे-काळे वळ घेऊन ती घरी यायची. तिची माय मनकर्णाबाई ते वळ बघून म्हणायची, "लोकायच्या पोरी हातावर मेंदी काढते. तू हे काढून आणते."

त्यांचं गाव बोरगाव मंजूच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. बाप शेषराव अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. माय गावाची आशाताई. गरोदर बाया, ताप-खोकला, लेकरांचे डोस, सगळं तिच्याच अंगावर. घरात खेळाचं कोणाला काही कळत नव्हतं, पण पोरगी खेळते तर खेळू द्या, एवढं मात्र होतं. त्या जोरावर प्रियदर्शनी अमरावतीच्या कॉलेजात गेली, राज्याकडून खेळली. पुढे शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे बडे व्यापारी गोपालराव यांनी अमरावतीत मुलींचा व्यावसायिक संघ उभा केला, तेव्हा प्रशिक्षक अनुप सरांनी करारासाठी सगळ्यात आधी बोलावलं ते तिलाच. महिन्याचं मानधन, राहायला खोली, सकाळ-संध्याकाळ सराव. खेळून पोट भरतं हे गावाला पटायला वेळ लागला. तिला तर ते स्वतःलाच कधी कधी खरं वाटत नसे.

दोन हजार एकवीसच्या सुरुवातीला सगळीकडे कोरोना ओसरला म्हणत होते आणि अमरावतीत तो पुन्हा उसळला. मैदानाला कुलूप लागलं. पोरी आपापल्या गावी गेल्या. प्रियदर्शनी घरी आली आणि शाळेच्या भिंतीवर चेंडू मारून एकटीच झेलत राहिली.

त्याच दिवसांत माय लसीसाठी दारोदार फिरत होती. दारं बंद होत होती. सुई घेतली की माणूस टिकत नाही, पोरींना लेकरं होत नाहीत, असं काय काय गावात पसरलेलं. नदीकाठच्या काळ्या जमिनीचे मालक खुशालराव यांचा शब्द गावात चाले. त्यांनी मनकर्णाबाईला ओट्याच्या पायरीवरच थांबवलं.

"बाई, तुमच्या घरी जवान पोरगी हाय ना? पयले तिले द्या. मंग आमच्या दारी या."

मनकर्णाबाई पायरीवरूनच परतली. मे महिन्यात अठरा वर्षांपुढच्यांना लस खुली झाली, तेव्हा तिनं गावच्या शाळेतल्या कॅम्पसाठी मोबाइलवर लेकीचा नंबर लावून टाकला. मग लेकीला सांगितलं.

"सर म्हणे थांबा," प्रियदर्शनी म्हणाली. "क्लब सगळ्यायले अमरावतीतच एका वक्ताले देणार हाय."

"थांबून थांबूनच तं लोकं मरून राहिले. तू घेतली तं गाव घेईन. मायं कोणी आयकत नाई."

प्रियदर्शनीनं फार वाद घातला नाही. मायची पायपीट ती रोज बघत होती. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची मांडलेली, पटांगणात सगळं गाव तोंडाला रुमाल बांधून उभं. तिनं बाही वर केली. नर्सनं बाटली हातात घेऊन कोव्हॅक्सिन असं नाव वाचलं आणि सुई दिली. ती कोणती, दुसरी कोणती असते, हे कोणी विचारलं नाही. तेव्हा मिळाली हेच पुष्कळ होतं. शहरातली पोरं गाड्या घेऊन येऊन खेड्यातले नंबर पटकावून जात होती.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीवर चेंडू मारताना दिसली आणि गाव हललं. आधी खुशालरावांची बायको गोदाबाई आली, मग तिच्या मागे निम्मी गल्ली, आणि शेवटी खुद्द खुशालराव. पावसाळ्याच्या तोंडावर प्रियदर्शनीनं दुसरा डोसही घेतला. तालुक्याला मनकर्णाबाईचा शाल देऊन सत्कार झाला. त्या दिवशी मायलेकी दोघी खुशीत होत्या. नंतर तशा त्या पुन्हा झाल्या नाहीत.

मैदान उघडल्यावर ती अमरावतीला गेली. तोवर क्लबनं बाकीच्या पोरींना कोव्हिशील्ड दिली होती. परतवाड्याची नीलम ही संघातली राखीव गोलकीपर. सुईला भिऊन ती शेवटपर्यंत टाळत होती, अनुप सरांनी हाताला धरून नेली म्हणून तिचे डोस झाले. पोरी तिला त्यावरून चिडवायच्या. प्रियदर्शनीही चिडवायची.

पोळ्याच्या सुमाराला गोपालराव पेढे घेऊन मैदानावर आले. युरोपातल्या एका क्लब स्पर्धेचं आमंत्रण आलं होतं. तिकडे संत्र्याला गिऱ्हाईक मिळतं का हेही त्यांना बघायचं होतं, पण पोरींना त्याचं काय. पासपोर्ट निघाले. प्रियदर्शनीनं बोटांना पट्ट्या गुंडाळून सराव दुप्पट केला. मग अनुप सरांनी सगळ्यांचे लसीचे दाखले मागवले, आणि दोन दिवसांनी तिला नेटच्या मागे बोलावलं.

"ही लस त्यायच्या यादीत नाई," ते म्हणाले.

"सरकारीच हाय ना, सर?"

"सरकारी हाय. इथं चालते. तिथं चालत नाई. जागतिक आरोग्य संघटनेनं अजून मान्य केली नाई म्हणे."

"मंग मी लस घेतली हाय का नाई?"

अनुप सर चेंडूची हवा दाबून बघत राहिले. "त्यायच्या लेखी नाई," ते म्हणाले.

तिनं विनवलं, वेगळं ठेवा, तपासण्या करा, काहीही करा. त्यांनीही फोन केले होते. लस नसलेल्या माणसाला आधी कोंडून राहावं लागणार, तोवर सामने संपणार. आणि आयोजक तर मैदानात घ्यायलाच तयार नव्हते. मग सरांनी आवाज खाली आणला.

"एक रस्ता हाय. दुसरं ओळखपत्र, दुसरा मोबाइल नंबर लावून कोव्हिशील्ड नव्यानं घ्यायची. लोकं घेऊन राहिले. तुझी माय आशाताई हाय ना? तिनं मनावर घेतलं तं होऊन जाते. परदेशी जाणाऱ्यायले दुसरा डोस लवकर देते."

ती त्याच संध्याकाळच्या एसटीनं गावी आली. मायनं सगळं ऐकून घेतलं.

"चार सुया? तुह्या अंगाले काई झालं तं?"

"काई नाई होत. लोकं घेऊन राहिले."

"अन् गावाले काय सांगू? का तुमाले देल्ली ते खोटी होती?"

"गावाले, गावाले," प्रियदर्शनी म्हणाली. "तवाही गावच होतं. मी तुही पोरगी हावो का गावाचा नमुना?"

शेषराव मध्ये पडले, "करून दे ना, मनकर्णा. एवढं तं करून दे." मनकर्णाबाई भाकरीचं पीठ मळता मळता थांबली आणि म्हणाली, "पायतो मी सकाळी."

सकाळी ती आरोग्य केंद्रात गेली. आडून नाही, ओळखीच्या नर्सला एका बाजूला घेऊन नाही. ती सरळ डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि लेकीची अडचण जशीच्या तशी सांगितली. तिला वाटलं होतं, एवढं खरं सांगितल्यावर डॉक्टर काहीतरी वाट काढतील. डॉक्टर म्हणाले, दोन डोस झालेल्याला पुन्हा लस देता येत नाही, आणि दुसऱ्या ओळखपत्रावर कोणी घेतली तर तो गुन्हा. वर त्यांनी सगळ्या नर्सना बोलावून सांगून ठेवलं, हिच्या पोरीचं लक्षात असू द्या.

माय घरी आली आणि म्हणाली, "नाई होत."

"तू इचारलंच काहून?" प्रियदर्शनीचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मायला सोसलं असतं. "गुपचूप होत होतं. इचारून तूच दार लावून घेतलं."

"मले वाटलं, खरं सांगतलं तं…"

"खरं सांगून कोणाचं काय झालं?"

तिनं पिशवी उचलली आणि अमरावतीला निघून गेली. तिथं लसीसाठी कोणी ओळखीचं आहे का तेही तिनं शोधलं, पण तोवर तारखा हातातून गेल्या होत्या.

संघ गेला. गोलात नीलम उभी राहिली. तिकडून तिचा फोन आला, घाबरली होती. "ताई, ह्या लय उंच हायेत. कुठून मारते काई समजत नाई." प्रियदर्शनीनं मोबाइलवर सामना बघितला होता. तिनं सांगितलं, हाताकडं पाहू नको, खांद्याकडं पाह्य. गोल सोडून एक पाऊल पुढं ये. पुढचा सामना नीलमनं वाचवला. पेपरात तिचा फोटो आला, शेजारी गोपालराव. प्रियदर्शनीनं ती बातमी पूर्ण वाचली, फोटोखालची नावंही वाचली.

गावातही ते पोचलं. पानठेल्यावर खुशालराव म्हणाले, "आशाबाईच्याच पोरीले इमानात बसू देल्लं नाई त्या सुईनं. अन् आपल्याले म्हणे चांगली हाय." ज्यांचा दुसरा डोस राहिला होता, ते घरात असून नाही म्हणायला लागले. ज्या दारांत मनकर्णाबाईनं लेकीचं नाव सांगून प्रवेश मिळवला होता, तिथंच आता लेकीचं नाव तिला ऐकवलं जाऊ लागलं. पुढच्या कॅम्पला खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिनं हे लेकीला सांगितलं नाही. लेकीला ते शेषरावांकडून कळलं आणि तिला वाईट वाटायच्या आधी थोडं बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला पुढे फार दिवस घृणा येत राहिली.

ऐन दिवाळीत बातमी आली, कोव्हॅक्सिनला मान्यता मिळाली. शेषराव अकोल्याहून सांगत आले. प्रियदर्शनी उंबऱ्याशी बसून कंदिलाची वायर जोडत होती. तिनं वर बघितलं नाही. माय आत करंज्या तळत होती. तिनं झारा तेलात तसाच धरून ठेवला आणि एक घाणा काळा झाला. त्याच दोन सुया, तोच दंड, तोच कागद. लस तीच होती, फक्त आता लेकीला विमानात बसता येणार होतं आणि विमान जाऊन आलं होतं.

"पुढच्या वेळी," अनुप सर म्हणाले. पुढच्या मोसमाच्या निवडीला गोपालरावांनी बाहेरून एक तज्ज्ञ आणला. त्यानं प्रियदर्शनीला विचारलं, "परदेशी खेळण्याचा अनुभव?" अनुप सर बाजूलाच बसले होते. ते काही बोलतील म्हणून ती जरा थांबली. मग म्हणाली, "नाही." नीलम पहिली गोलकीपर झाली. प्रियदर्शनीला कमी मानधनावर राखीव ठेवलं. एक मोसम तिनं बाकावर काढला. नीलम वाईट मुलगी नव्हती. प्रत्येक सामन्याआधी ती हिला विचारून जायची. तेच जास्त लागायचं. मोसम संपल्यावर प्रियदर्शनीनं करार वाढवला नाही आणि कोणी आग्रहही केला नाही.

आता ती अकोल्यात एका खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. शाळेत हँडबॉलचं मैदान नाही. ती कवायत घेते, स्नेहसंमेलनाला पोरांच्या रांगा लावते. गाव एसटीनं जवळच आहे, तरी तिनं अकोल्यातच खोली घेतली. मनकर्णाबाई अजून आशाताईच आहे. रविवारी ती लेकीकडे येते, ज्वारीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन. दोघी बोलतात. शेषरावांच्या गुडघ्याचं, कोणाच्या लग्नाचं, नळाच्या पाण्याचं बोलतात.

मागच्या उन्हाळ्यात एकदा मनकर्णाबाई पदरानं मान पुसत म्हणाली, "मी तवा डॉक्टरले इचारलं नसतं तं…"

"चहा घे माय," प्रियदर्शनी म्हणाली. "थंडा होऊन राहिला."

मायनं कप उचलला. बाहेर पाच वाजताच्या एसटीची वेळ होत आली होती.