गल्लीभर डकवलेले शब्द

आमच्या अक्काच्या धाकट्या दिरांइतका इंग्रजीच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस अख्ख्या सोलापुरात झाला नाही, असं मी छातीठोकपणे सांगतो. इंग्रजीनं मात्र त्यांना कधी नीट ओळख दाखवली नाही. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे, पण बहिणीच्या सासरचे म्हणून अहो-जाहो. रसायनशास्त्रात पहिला वर्ग, चादरींच्या कारखान्यात रंगखात्यात नोकरी, आणि डोक्यात एकच वेड: अमेरिकेत जाऊन रंगांचं पुढचं शिकायचं. आणीबाणीच्या आगेमागेची गोष्ट. तिथल्या विद्यापीठाची अट अशी, की रसायनशास्त्र राहू दे बाजूला, आधी इंग्रजी शब्दांची नि उताऱ्यांची परीक्षा दे.

झालं! त्या दिवसापासून त्या घरात सरळ बोलायची सोय राहिली नाही. अक्कानं "भात वाढू की भाकरी?" विचारलं, की उत्तर यायचं, "पर्याय क, वरीलपैकी दोन्ही." घरात कसलाही कागद येवो, हे गजराचं घड्याळ लावून तो मोठ्यानं वाचणार आणि मग सगळ्यांना प्रश्न घालणार. एकदा केम गावाहून त्यांच्या मामांचं पत्र आलं, बैल आजारी आहे म्हणून. यांनी ते वाचलं नि विचारलं, "लेखकाचा सूर कोणता? अ, चिंतेचा. ब, उपरोधाचा. क, अलिप्त." त्यांचे वडील जन्मभर शेतात राबलेले. ते तंबाखू मळता मळता म्हणाले, "आरं, त्याचा बैल मरायला लागलाय, सूर कसला इचारतोस?" यांनी शांतपणे 'अ'वर खूण केली.

शब्दांच्या बाबतीत तर कमालच. पाठांतर होईना, म्हणून त्यांनी युक्ती काढली: एका शब्दाला एक माणूस. कारखान्यातून चादरींची कोरी लेबलं आणायची, त्यावर ठळक इंग्रजी शब्द लिहायचा, आणि तो ज्याच्या स्वभावाला लागू पडेल त्याच्या दारावर नेऊन डकवायचा. अर्थ कुणाला सांगायचा नाही. मी तेव्हा त्याच गल्लीत राहायचो; इंग्रजी कळणारा दुसरा मी एकटाच, नि मला शपथ घातलेली. माझ्या वाट्याला 'इंडोलंट' आला होता, म्हणजे आळशी. जाऊ द्या. नळावर रोज भांडणाऱ्या राजव्वाला 'बेलिकोज', भांडकुदळ. वर्षाकाठी एखादा "हौ" बोलणाऱ्या रहीमचाचा टेलरना 'टॅसिटर्न', अबोल. आणि किराणा दुकानदार शिवप्पांना 'पार्सिमोनियस', म्हणजे कंजूष. शिवप्पा हे चिकटपणाचं शेवटचं टोक! तागडी सारखी करायला शेंगदाणा दातानं तोडून अर्धाच टाकणार. त्यांना वाटलं हा काहीतरी मोठा किताब आहे. त्यांनी ते लेबल देवाच्या तसबिरीखाली लावलं आणि त्याला रोज उदबत्ती ओवाळायला लागले.

परीक्षा मुंबईला होती. निघायच्या दिवशी सगळी गल्ली दारात लोटली, आणि तिथंच घात झाला. राजव्वा भांडणबिंडण विसरून डोळे पुसत आली, नवी कोरी चादर देऊन दृष्ट काढून गेली. रहीमचाचांनी न सांगता पँट शिवून आणली आणि चांगले पाव तास बोलले, "घबरानेका नक्को मियाँ" पासून मुंबईत पाणी कुठलं प्यायचं इथपर्यंत. शिवप्पांनी कडक भाकरी आणि शेंगांच्या चटणीचा भला थोरला पुडा हातात ठेवला. यांनी खिशात हात घातला, तर शिवप्पांनी तो हातच धरला. "असू द्या की ओ. लई लांब जानार तुमी. तितं कोन देनार हाय तुमाला?" दिरांचा चेहरा पांढराफटक पडला. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

दीर परत आले त्या दिवशी मी त्यांना स्टेशनवरच गाठलं. म्हणाले, "पार्सिमोनियस आला हो पेपरात. लगेच शिवप्पा पुडा घेऊन पुढ्यात उभे. त्यांच्यादेखत 'कंजूष'वर खूण कशी करू? हात धजेना. 'उदार'वर केली."

"आणि टॅसिटर्न?"

"पाव तास बोलला हो तो माणूस!"

राजव्वाचंही तेच. मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, वर्षभराची मेहनत या माणसानं एका पुड्यापायी घालवली!

दोन महिन्यांनी पत्र आलं. रसायनशास्त्राचं कौतुक होतं, शब्दांत मात्र पार आपटले होते. प्रवेश नाही. त्यांनी ते जेवताना मोठ्यानं वाचलं, मराठीत समजावून सांगितलं आणि सवयीनं विचारलं, "लेखकाचा सूर कोणता?" अक्कानं न विचारताच भात-भाकरी दोन्ही वाढलं. वडील म्हणाले, "त्यो सूर सोड. त्येला तू म्हाईत न्हाईस, लेकरा."

"पुन्हा बसा की परीक्षेला," असं मी कितीदा म्हटलं. "बसेन, पण त्याला गल्ली बदलावी लागेल," म्हणून हसायचे. गल्ली काही त्यांनी बदलली नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी अक्काकडे गेलो होतो, तेव्हा दीर आणि मी शिवप्पांच्या दुकानात शेंगदाणे आणायला गेलो. शिवप्पा थकले होते. तसबिरीखाली लेबल तसंच, फक्त पिवळं पडलेलं. मला म्हणाले, "यांनी कवा सांगितलंच न्हाई. तुमी तरी सांगा, काय ओ अर्थ हाय ह्याचा?"

दीर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "दिलदार."

"वाटलंच मला," शिवप्पा म्हणाले, आणि तोडायला दाताशी नेलेला शेंगदाणा त्यांनी तसाच अख्खा तागडीत टाकला.

घरी आल्यावर दारात चपला काढताना दीर म्हणाले, "अमेरिकेत हे उत्तर चूक धरतात, बरं का."