ओट्याची उंची

“छान झालंय. पण…”

एवढं म्हणून आमच्या शेजारच्या काकू मान तिरकी करायच्या, डावा डोळा बारीक करायच्या आणि समोरच्या कामाकडे बघत राहायच्या. त्या ‘पण’ला शिरवणे गावचा कंत्राटदार जेवढा घाबरायचा, तेवढा तो गळक्या गच्चीलाही घाबरत नसेल. ‘पण’ आला की लावलेली टाइल निघायची, उभी राहिलेली भिंत आडवी व्हायची आणि त्याची माणसं एकमेकांकडे बघून हसायची.

वाशीतल्या आमच्या जुन्या सेक्टरातली बैठी घरं तुम्ही पाहिली असतील. रांगेत बांधलेली, दोन घरांत मिळून एकच भिंत. पलीकडे कुकरची शिट्टी झाली की अलीकडचं माणूस गॅस बंद करायला उठतं. काकूंच्या आणि आमच्या घरात अशीच एक भिंत होती, त्यामुळे मी हे जे सांगते आहे त्यातलं निम्मं पाहिलेलं आणि निम्मं भिंतीतून ऐकलेलं आहे.

काका गेले आणि काकू एकट्या राहिल्या. एकदा त्यांना चक्कर आली आणि त्या मोरीत पडल्या. कडी आतून लावलेली. दार तोडून आम्ही आत गेलो. मुलगा बेंगळुरूहून धावत आला आणि म्हणाला, “आई, आता तू आमच्याकडेच राहायचं. हे घर विकून टाकू.” मुलगा गुणी, सूनही चांगली. विरोध करावा असं त्यात काहीच नव्हतं आणि काकूंची अडचण नेमकी तीच होती.

मग एजंट आला. त्यानं घरभर फिरून तोंड वाकडं केलं. “असंच विकाल तर भाव पडेल, काकू. आधी रिनोव्हेशन करा. किचन ओपन करा, बाथरूम नवं करा, मधल्या खोलीत वरून उजेड आणा. मग बघा, गिऱ्हाईक उड्या मारत येतं.”

काकू इतक्या चटकन तयार झाल्या की मला नवल वाटलं. त्यांची अट एवढीच होती, की काम सगळं त्यांच्या पसंतीनं व्हायचं आणि पूर्ण झाल्याशिवाय विक्रीचं नाव काढायचं नाही. मुलानं आनंदानं मान डोलावली. बिचाऱ्याची आपल्या आईच्या पसंतीशी तोवर गाठ पडली नव्हती.

स्वयंपाकघराची भिंत पाडली. “छान झालंय. पण फोडणीचा ठसका थेट बैठकीत येतो.” भिंत अर्धी बांधली. “छान. पण हे म्हणजे ना धड इकडचं ना तिकडचं.” टाइलचे नमुने घरी आले की काकू ते भिंतीला टेकवून ठेवायच्या. “राहू देत थोडे दिवस. डोळ्यांना सवय होते का बघू.” डोळ्यांना सवय झाली की त्या म्हणायच्या, आता कंटाळा आला.

कंत्राटदार माझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन आला. “ताई, तुमी तरी सांगा काकूला. काल बांधलेली भिंत आज तोडायची, याला काय काम म्हनतात? माजा एक मानूस गावाला पलाला. बाकीचे हाय ते पन जातील.”

मलाही जाच होताच. माझ्या पोह्यांवर खोबऱ्याच्या आधी सिमेंट पडायचं. मी तणतणत काकूंकडे गेले. “काकू, हे संपणार तरी कधी?”

त्यांनी मला आत घेतलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, “संपलं की विकायचंय ना गं.”

माझा राग जागच्या जागी विरला. दुसऱ्या दिवसापासून मीही कटात सामील झाले. हळूहळू अख्खी गल्ली झाली. समोरचे रिटायर्ड गृहस्थ रोज सकाळी हातात पिशवी घेऊन यायचे, नव्या भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, “जरा कलल्यासारखी वाटते.” भिंत सरळ होती. काकू त्यांना चहा द्यायच्या.

हे असं कितीही दिवस चाललं असतं. पण एके दुपारी कंत्राटदारानं टेप काढून साधा प्रश्न विचारला, “काकू, वट्याची उंची किती ठेवायची?”

मी तिथंच होते. मी ‘पण’ची वाट पाहत होते. काकूंची नजर कोपऱ्यातल्या पाटाकडे गेली.

जुना ओटा काकांनी करून घेतला होता. गवंड्याशेजारी उभं राहून, स्वतःच्या कमरेला हात लावून “इथपर्यंत घे” असं त्यांनी सांगितलं होतं म्हणे. काका चांगले उंच. त्या ओट्यावर त्यांनी कधी चहासुद्धा केला नाही. काकू ठेंगण्या, त्यांनी सगळा संसार पाटावर उभं राहून केला. पोळ्या लाटायला पाटावर चढायचं, मीठ घ्यायला उतरायचं, पुन्हा चढायचं. काका वाईट नव्हते हो. फळांच्या मार्केटात नोकरीला होते, हापूसची पहिली पेटी आधी बायकोच्या हातात द्यायचे. फक्त तिला विचारावं हे त्यांच्या कधी लक्षात आलं नाही.

“माझ्या उंचीचा कर,” काकू म्हणाल्या. कंत्राटदारानं त्यांना भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि त्याच्या जरा खाली पेन्सिलनं रेघ मारली. काकू त्या रेघेकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या धुळीला दोष देत होत्या.

एजंट हे बघून हबकला. “एवढा खाली? गिऱ्हाईक नाक मुरडेल, काकू. व्हॅल्यू जाईल.”

“गिऱ्हाईक येईल तेव्हा येईल. पोळ्या मला आज लाटायच्यात.”

आणि इथंच काकूंचा डाव त्यांच्यावर उलटला. आपल्याला काय हवं ते सांगितलं की तसं होतं, याची त्यांना चटकच लागली. बैठकीला हळदीसारखा पिवळा रंग हवा, झाला. मधल्या काळोख्या खोलीच्या छपरात काच हवी, बसली. मागच्या खिडकीला बसण्याएवढा रुंद कट्टा हवा, तोही झाला. ‘पण’ कुठल्या कुठे गेला. उत्साहाच्या भरात, काम लांबवायचं होतं हेच त्या विसरल्या. एका संध्याकाळी कंत्राटदारानं हत्यारं गोळा केली. काकू घराच्या मधोमध उभ्या राहिल्या, चहूकडे बघितलं आणि घाबरून मला हाक मारली, “अगं, झालं की हे सगळं!”

मग गिऱ्हाइकं येऊ लागली. काकूंनी प्रत्येकाला कांदेपोहे केले. पाहुण्यांना नव्या खुर्चीवर बसवायचं, स्वतः समोर बसायचं आणि चौकशी सुरू. घरात कोण कोण, स्वयंपाक कोण करतं, भांडणं झाली तर आवाज कितपत चढतो. भिंत एक आहे, शेजारणीला त्रास नको. एकाला इथं ऑफिस थाटायचं होतं, त्याला पोह्यांवर लिंबूसुद्धा मिळालं नाही. दुसरा गृहस्थ टेपनं भराभरा मापं घेत काय काय तोडायचं ते ठरवत गेला. त्याची बायको दाराशी पर्स धरून उभी. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, “मुलगा पसंत नाही.”

“काकू, आपण घर विकतोय, मुलगी देत नाही आहोत,” एजंट रडकुंडीला आला.

“मग मी पोहे कशाला केले?”

शेवटी एक तरुण जोडपं आलं, बोनकोड्याला भाड्यानं राहणारं. ती नर्स, चांगली ताडमाड. घर बघून झाल्यावर तो तिच्याकडे वळला. “तुला कसं वाटतं? ओटा ठेंगणा पडतोय का गं तुला?”

ती ओट्याशी वाकून बघू लागली. एजंटनं कपाळाला हात लावला. “जरा पडतोय खरा,” ती म्हणाली आणि काकूंकडे बघून ओशाळली.

काकूंनी मान तिरकी केली, डावा डोळा बारीक केला. आम्ही सगळे ‘पण’ची वाट बघत उभे.

“मग वाढवून घे,” त्या म्हणाल्या. “घर तुझं.”

त्या रात्री भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते. पण काकू नुसत्या डबे भरत होत्या. जाताना किल्ली त्यांनी त्या मुलीच्याच हातात दिली, माझ्या गालावर हात ठेवला आणि मुलाच्या गाडीत बसल्या. मला त्यांची फार आठवण येते. पोह्यांवर आता खोबरंच पडतं, तरी घास गोड लागत नाही.

परवा पलीकडे घणाचा पहिला घाव पडला. मी तावातावानं काकूंना फोन लावला.

“काकू, तोडताहेत हो तुमचा ओटा!”

“हो का? उंची कुणी सांगितली?”

“तिनंच. मिस्त्रीच्या डोक्यावर उभी आहे ती.”

“मग झालं तर.” त्यांच्या मागे सुनेच्या मिक्सरचा आवाज येत होता, तो थांबला. “घणाचा आवाज येतोय का गं तिकडे?”

मी उठले आणि फोन भिंतीला लावून धरला.