कमलाबाईंचं वय

ॲसिड अठरा वर्षांखालच्यांना विकत नाहीत, म्हणून आधार कार्ड काढायला मी पर्समध्ये हात घातला, तोवर दुकानदाराने संडास धुवायच्या ॲसिडची बाटली पिशवीत टाकलीही.

"रहने दो मॅडम, आपसे क्या पूछना!"

काल बिट्टन मार्केटमधल्या याच दुकानातून आमच्याकडे कामाला येणाऱ्या कमलाबाई रिकाम्या हाताने परतल्या होत्या. दुकानदाराने ॲसिडसाठी वयाचा पुरावा मागितला, म्हणाल्या.

"पन्नाशीच्या बाईकडे? बिट्टन मार्केटपर्यंत जायचा कंटाळा, दुसरं काय!" मी पाहुण्यांसमोर बोलले. त्या भांडी घासायला आत गेल्या.

आज मी दुकानदाराला पैसे दिले. बाटली घेऊन घरी आले.

घरी कामाला येणाऱ्या बाईंची माफी तुम्ही कधी मागितली आहे? काय म्हणालात?

दुसऱ्या दिवशी सकाळी: कमलाबाई आधार कार्ड घेऊनच आल्या. "दीदी, आज पक्का ले आऊँगी." मी त्यांना बाटली दाखवली आणि माफी मागितली.